वळवणचा महसीर आणि कावेरीचा यजमान

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ताटास मासा शिवत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु देहू-आळंदीस इंद्रायणींतील माशांस चुरमुरे टाकणारे हात आपल्याच घरांतील असतात. म्हणून लोणावळ्याच्या एका माशाची हकीकत येथें देण्यास संकोच वाटत नाहीं.

हा मासा म्हणजे दख्खनचा महसीर. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं, पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या माशावरून, 'खुद्री' या नांवानें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध चढून स्वच्छ वाहत्या पाण्यांत अंडीं घालणें हा त्याचा स्वभाव. धरणांनीं वाट अडविली, सुरुंगाच्या दारूनें मासे मारण्याची दुष्ट चाल पडली, आणि तो दुर्मिळ होऊं लागला.

१९७० नंतरच्या दशकांत टाटांच्या वीज कंपनीनें लोणावळ्यास वळवणच्या तलावापाशीं त्याची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले या जोडीचे श्रम त्यामागें होते. पक्व मादीचें पोट हलकेंच दाबून अंडीं काढावयाचीं, त्यांत नराचें रेत मिसळावयाचें, आणि वाहत्या पाण्याखालीं तीं पसरून ठेवावयाचीं. तीन-चार दिवसांत पिल्लें बाहेर येतात. अंडीं ओल्या कापसांत ठेवून विमानानें धाडतां येतात, हेंहि या दोघांनीं १९७९ सालीं दाखवून दिलें.

येथवर सारें पुण्यकर्मच! पण हीं पिल्लें ज्या दूरच्या नद्यांत गेलीं, त्यांत कावेरीहि होती. तिचा स्वतःचा महसीर होता; पाठीवर उंचवटा असलेला, अवाढव्य. १९४६ सालीं काबिनी नदींत १२० पौंडांचा एक गळास लागला होता. आमचा पाहुणा तेथें फोफावला आणि यजमान ओसरत गेला. धरणें, वाळूचा उपसा हींहि कारणें होतींच. गळ टाकणाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या त्या माशाचें शास्त्रीय नांव, 'टॉर रेमादेवी', २०१८ सालीं निश्चित झालें. आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त ठरला! दख्खनचा मात्र आतां संकटग्रस्तांच्या यादींतून उतरला आहे.

लोणावळ्याच्या कार्यास आम्ही उणें म्हणत नाहीं. चूक झाली ती सगळे महसीर सारखेच मानण्यांत. शफर, रोहित, पाठीन अशीं माशांचीं निरनिराळीं नांवें ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांस हा घोटाळा रुचला नसता.

मावळाच्या खुद्द इंद्रायणींतहि असा एक मासा आहे. नाकाडावर टेंगूळ असलेला नुक्टा. साइक्सनें १८३९ सालींच, चाकणजवळ मिळालेल्या माशावरून, त्याचें वर्णन केलें. आज तोहि संकटग्रस्त आहे, आणि त्याच्या नदींत शहरांचें सांडपाणी उतरत आहे.