ट्रॅक्टरांची भार ओढण्याची शर्यत

शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें धांवणें येतें. परंतु अमेरिकेंतील शेतकऱ्यांत एक शर्यत अशी आहे, कीं तींत वेगाला फारसें मोल नाहीं. ओझें हललें कीं नाहीं आणि किती दूर गेलें, एवढेंच पाहावयाचें. पूर्वीं तेथें घोड्यांच्या जोड्यांकडून भार ओढवून कोणती जोडी बलवत्तर हें ठरवीत. पुढें शेतांत ट्रॅक्टर आला, आणि १९२९ सालीं मिसुरी संस्थानांतील बोलिंग ग्रीन व ओहायओंतील व्हॉन्सव्हिल या दोन गांवीं ट्रॅक्टरांच्या अशा शर्यती झाल्याची नोंद आहे.

या खेळाचा जो जुना, साधा प्रकार, त्यास ‘डेड वेट’ म्हणतात. चाकें नसलेल्या एका घसरगाडीवर काँक्रिटचे ठोकळे रचतात. गाडी ओढली जात असतां हा भार वाढत नाहीं व घटतहि नाहीं. प्रत्येक ट्रॅक्टर आधीं वजनकाट्यावर चढवून त्याचा वर्ग ठरवितात. नेमलेलें अंतर जो पार करील तो पुढील फेरीस पात्र. त्या फेरींत ठोकळे वाढवितात. असे एकेक गळत जातात, आणि अखेरचा भार सर्वांत लांब नेणारा विजयी होतो. कांहीं ठिकाणीं स्वतःच्या वजनाच्या मानानें किती ओझें ओढलें, याचें गणित मांडतात. त्यामुळें लहान यंत्रासहि न्याय मिळतो.

ज्याचें इंजिन जबर त्याचाच जय, असें वाचकांस वाटेल. पण तें पूर्ण सत्य नव्हे. चिखलांत रुतलेल्या हत्तीच्या अंगीं बळ असतेंच. पाय रोवावयास जागा नसते. ट्रॅक्टरचीं मागील चाकें जमिनीस घट्ट धरून राहिलीं नाहींत, तर सारा जोर माती उकरण्यांत जातो. ही पकड मुख्यत्वें त्या चाकांवर किती वजन पडतें यावर अवलंबून असते. मागील आंकड्यास ओझ्याची ओढ बसली कीं पुढच्या चाकांवरील वजन हलकें होऊन मागच्यांवर येतें. बैलगाडींत मागें अधिक ओझें भरलें असतां जूं वर उचलतें, तसाच हा प्रकार. आंकडा उंच असेल तर पकड वाढते. पण तो फाजील उंच झाला, तर ट्रॅक्टरचें तोंड आकाशाकडे जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटावयाचा! म्हणून नियमानें आंकड्याची उंची मर्यादित केलेली असते, आणि स्पर्धक पुढील बाजूस लोखंडी वजनें टांगतात. तीं कोठें व किती टांगावीं, यांतच अर्धें कौशल्य आहे. साखळी आधीं ताणून घेऊन मगच जोर लावावयाचा; हिसका देणें निषिद्ध.

अचल भाराची खरी कसोटी आरंभींच असते. एकदां गाडी हलली, कीं जमीन सारखी असल्यास ती बहुधा शेवटपर्यंत जाते. मग पुन्हां ठोकळे चढवा, पुन्हां फेरी घ्या, यांत वेळ फार मोडतो. याकरितां नवी घसरगाडी निघाली. तिच्यावरील वजनाची पेटी गाडी चालूं लागतांच पुढें सरकते व पुढील भाग जमिनीवर दाबते. त्यामुळें पावलोपावलीं ओढ जड होते. १९६९ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशनच्या शर्यतींत ३०० फूट ही पूर्ण ओढ मानतात. तथापि जुन्या ट्रॅक्टरांच्या व बागेंतील लहान ट्रॅक्टरांच्या मेळाव्यांत डेड वेट अद्यापि टिकून आहे.

आतां आपल्या गांवोगांवींहि ट्रॅक्टर आहे. रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचा बुंधा ओढतांना घाईनें दोर आंसास अगर त्याहून उंच बांधला, तर तेथेंहि हाच नियम चालतो. मात्र आंकड्याची उंची मोजणारा पंच शेतांत नसतो. ट्रॅक्टर उलटावयास दोन क्षणहि पुरे होतात. यास्तव ओढावयाचें तें नेहमीं खालच्या आंकड्यासच बांधावें, आणि घरांतील जी तरुण मुलें ट्रॅक्टर हांकतात त्यांना ही गोष्ट वडीलधाऱ्यांनीं अगोदरच समजावून सांगावी.