बारा मैलांचा कायदा

पर्ससीन जाळं म्हणजे एक भलामोठा बटवा. बांगड्याच्या किंवा तारलीच्या थव्याभोवती नौका जाळ्याचं रिंगण टाकते. तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर यंत्राने खेचला, की बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळं खालून मिटतं आणि अख्खा थवा आत अडकतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं बरंचसं राजकारण गेली कित्येक वर्षं या एका दोराभोवती फिरतं आहे.

हा दोर कुठे, कधी आणि किती जणांनी खेचायचा, हे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा, १९८१ या कायद्याखाली ठरतं. राज्याचा अंमल किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम बावीस किलोमीटर. त्यापुढचं पाणी केंद्राचं.

हा कायदा सरकारला आपसूक सुचलेला नाही. सत्तरच्या दशकात गोव्यात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या तोंडचा घास काढू लागले. गंमत अशी, की ट्रॉलरच्या वाढीला सरकारी मदतीचाच हातभार होता. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ उभा राहिला आणि माथानी साल्ढाणा हे शिक्षक त्याचे नेते झाले. १९७८ मध्ये देशभरातले मच्छीमार एका मंचावर आले. केंद्राने नमुना विधेयक केलं, गोवा आणि केरळने कायदे केले आणि पाठोपाठ महाराष्ट्रानेही.

मच्छीमार संघटना म्हटलं की मोर्चा डोळ्यांसमोर येतो. पण मोर्चे वर्षातून दोन-चार. उरलेले दिवस मत्स्यव्यवसाय विभागाच्या पायऱ्या झिजवण्यात जातात. निवेदनाची पोच घ्यायची, मसुद्यावर मुदतीत हरकत नोंदवायची, मंत्रालयातल्या बैठकीचं इतिवृत्त मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही. त्यातही अवघड काम भाषांतराचं. नाखवा खोली वावात सांगतो, आदेशात ती मीटरमध्ये हवी असते. ‘जाळं बारीक झालंय’ ही तक्रार आसाचा, म्हणजे जाळ्याच्या छिद्राचा, आकार मिलिमीटरमध्ये लिहिल्याशिवाय फाइलवर चढत नाही. समुद्र कागदावर उतरवता येणारा माणूस गावात असला, तर त्या गावाचं म्हणणं ऐकलं जातं. बाकीची गावं मोर्च्यात चालतात.

अशाच कागदांच्या रेट्यातून डॉ. सोमवंशी यांची समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला. पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आस किमान २५ मिलिमीटर आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत १८२ वर आणायचे. पारंपरिक मच्छीमारांनी गुलाल उधळावा असाच तो आदेश. पण समुद्रात रेघ मारता येत नाही. बारा मैलांपलीकडे मासेमारी करतो, असं सांगणारी नौका परतीच्या वाटेवर नेमकी कुठे जाळं टाकते, हे पाहायला गस्तीनौका हवी, इंधन हवं, माणसं हवीत. शिवाय नौका पकडली तरी खटला तहसीलदारापुढे, म्हणजे सातबाऱ्याच्या आणि दाखल्यांच्या ढिगाखाली. २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाकडे आले आणि दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. माझ्या मते १९८१ नंतरचं या कायद्यातलं हे सगळ्यात कामाचं पाऊल, आणि वर्तमानपत्रांत सगळ्यात कमी गाजलेलं.

२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. पालघरमधलं सातपाटी हे पापलेटचं गाव, त्यामुळे तिथे आनंद होणारच. खरा बदल मात्र त्याच वर्षी दुसऱ्या आदेशाने आला. ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवण्यात आली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर.

इथे गाडी अडते. आजवर बोट पर्ससीनकडे आणि ट्रॉलरकडे दाखवता येत होतं. पण पापलेटची पिल्लं किनाऱ्याजवळच्या डोल जाळ्यातही येतात, आणि डोल तर पारंपरिक. भरतीओहोटीच्या ओढीवर तोंड उघडून बसलेलं ते लांबलचक जाळं मासा निवडत नाही. सोडून द्यावं म्हटलं, तर नौकेवर ओढून घेईपर्यंत पिल्लू बहुधा मेलेलं असतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी नियम मागणाऱ्या संघटनांना आता आपल्याच वाड्यात सभा घेऊन आसाचा आकार बोलावा लागतो. अशा सभेत टाळ्या पडत नाहीत. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार चढत असताना ‘जाळं मोठ्या आसाचं घ्या’ म्हणणाऱ्याला भाऊबंदच खाली बसवतात. तरी हे बोलणारे नेते मला मोर्च्यातल्या नेत्यांपेक्षा मोठे वाटतात.

आपण गिऱ्हाईक. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेपाच इंचही नाही, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराहून चांगलंच कमी. कोळणीच्या पाटीत त्याहून छोटं पापलेट स्वस्तात दिसलं, तर भाव विचारू नका.