खुर्ची, घड्याळ आणि म्हातारपण

गेल्या मार्गशीर्षात आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. हाड मोडले नाही, एवढेच दैव. वय ७८. दर तीन महिन्यांनी ते नेमाने दवाखान्यात जात आणि रक्तदाब, साखर, वजन सारे एका वहीत टिपून ठेवीत. त्या रात्री मी ती वही चाळली. पाच वर्षांत वजन ६१ ते ६२ किलो, कोठे घसरण नाही. मात्र या पाच वर्षांत त्यांनी पाटावर बसून जेवणे सोडले होते, माडीवर जाणे सोडले होते, आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण ते मुकाट्याने सुनेकडे देऊ लागले होते. वहीत यांपैकी काही नव्हते. दवाखान्यात कोणी विचारले नाही. आम्हीही 'वय झाले' म्हणून स्वस्थ बसलो.

वजनाचा काटा येथे फसवतो. उतारवयात स्नायू झडतात आणि पुष्कळदा त्यांची जागा चरबी घेते. काटा मात्र जागचा हलत नाही. या झिजेला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. आपल्याकडे 'गलितगात्र' हा शब्द फार पूर्वीपासून आहे; पण तो आपण कीर्तनात ऐकला, दवाखान्यात कधी नाही. अमेरिकेच्या रोगसूचीत या विकाराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तोही २०१६ मध्ये.

याच्याच शेजारची अवस्था जर्जरतेची. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिच्या पाच खुणा सांगितल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक आढळल्यास ती जर्जरता. एक-दोन आढळल्यास तिची पूर्वावस्था. अशा माणसाला साधा तापही अंथरुणाला खिळवतो, आणि अंथरूण उरलेले बळ खाते. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस उतरले होते!

आणि ही झीज ओळखायला लागते काय? एक खुर्ची आणि एक घड्याळ. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पुढील तपासणी करावी. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरांहून कमी, सहा मीटर चालताना वेग सेकंदाला एक मीटरहून कमी, आणि पकडमापकावर हाताची पकड पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोंहून कमी, ह्याही धोक्याच्या खुणाच. पक्के निदान वैद्यांनी करावे हे खरे. परंतु रक्तदाबाचा पट्टा बांधण्याइतकाच वेळ घेणारी ही खुर्चीची परीक्षा आपल्या दवाखान्यांत का होऊ नये, हे मला उमगत नाही.

उपाय नसता तर हा खटाटोप व्यर्थ ठरला असता. पण १९९० मध्ये बोस्टन येथे मारिया फियाटारोन यांनी नव्वदीतल्या दहा दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ सरासरी दुपटीहून अधिक वाढले. जोडीला आहारात प्रथिने हवीत. वृद्धांसाठी रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, असे तज्ज्ञ सांगतात. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आमच्या घरांत हे जमणे कठीणच; डाळ, उसळ, दूध, अंडी, मासळी यांचा हिशेब ठेवावा लागतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रमाण वाढवू नये.

पहिल्या दिवशी तात्या हात न टेकता दोनदाच उठू शकले. व्यायामतज्ज्ञाने घालून दिलेला क्रम ते गेले चार महिने घरच्या लाकडी खुर्चीशी करीत आहेत. मी घड्याळ धरतो. परवा पाच वेळा उठायला १४ सेकंद लागले. दम खात ते म्हणाले, "शाळा सुटून साठ वर्षे झाली, आणि हा हेडमास्तर आता मला उठाबशा काढायला लावतो!"