पिसे म्हणजे मोरपीस नव्हे

देवाचे पिसे लागले, असे वाचले की डोळ्यांपुढे मोरपीस येणारे वाचक कमी नाहीत. मोराचे पीस संस्कृत ‘पिच्छ’वरून आले, हे पिसे ‘पिशाच’वरून. प्राकृतात त्याचे ‘पिसाअ’ झाले, मराठीत ‘पिसा’, म्हणजे भुताने धरलेला. पिसाळलेले कुत्रे याच घरातले. झपाटणे, पछाडणे हीसुद्धा भुताचीच कामे. ‘ध्येयाने झपाटलेला’ म्हणून आपण सत्कार करतो, तेव्हा शालीखाली जुने भूत असतेच.

म्हणून पिसा ही निव्वळ शिवी, असे मात्र वऱ्हाडाने तरी समजू नये. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू, राहत. मनात येईल तिकडे हिंडायचे, मुलांत खेळायचे, कुणाच्याही घरात शिरून खायचे. गावकरी त्यांना वेडे, पिसे म्हणत आणि त्याच तोंडाने माय-बापही म्हणत. चक्रधरस्वामींचे हे गुरू, महानुभावांच्या पंचकृष्णांतले एक. त्यांच्या लीळा तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेल्या, त्यात हा वेडेपणा झाकलेला नाही.

ध्यासाचे कूळ निराळे. निजेतही सुटत नाही तो निजध्यास, ही फोड गोड आहे, पण खरी नाही. मूळ शब्द निदिध्यास. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन यांच्यापुढची पायरी म्हणून तोच सांगतो. मराठी जिभेने ‘निदि’चे ‘निज’ केले. इथे भूत नाही, ध्यान आहे.

आणि ‘ऑब्सेशन’? त्याला सरसकट ध्यास म्हणू नये. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ वेढा घालून बसणे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला घातला, तसा. जुन्या ख्रिस्ती कल्पनेत आत शिरलेले भूत वेगळे आणि बाहेरून छळणारे वेगळे. हा शब्द दुसऱ्यासाठी होता. मानसोपचारात तीच छटा टिकली आहे: नकोसा विचार, हाकलला तरी पुन्हा दाराशी. अशा विचारांच्या आजाराला, म्हणजे ओसीडीला, मराठीत मंत्रचळ म्हणतात.

घर लख्ख ठेवणाऱ्याला ‘काऊन बे, ओसीडी झाला का तुले?’ म्हणणारे इथे चुकतात. शेंडगावच्या गाडगेबाबांनी गावोगाव झाडू मारला, तो त्यांना हवा होता म्हणून. मंत्रचळ झालेल्याला हात धुणे नकोच असते. कातडी सोलवटते, तरी तो नळाशी जातो. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे लागते, आणि उपचारांनी बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो.