चिरुटाचा सौम्यपणा

चिरूट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आरामखुर्चीत रेललेला इंग्रज साहेब उभा राहतो. शब्दाचे मूळ मात्र तमिळ आहे. तेथे गुंडाळीला ‘शुरुट्टु’ म्हणतात; इंग्रजांनी त्याचे ‘चेरूट’ केले आणि आपण चिरूट. वस्तू मात्र अटलांटिकपलीकडची. 1492 साली कोलंबसाच्या माणसांनी क्यूबा बेटावरील लोकांना पानांची पेटती गुंडाळी हाती धरून धूर घेताना पाहिले, आणि तेव्हापासून क्यूबा व चिरूट ही नावे एकमेकांना चिकटली ती कायमची. त्या बेटाच्या राजधानीवरून ज्यास हवाना चिरूट म्हणतात, त्याचे शोकी कडक, मध्यम आणि सौम्य असे प्रकार मानतात. कडक म्हणजे काय हे कोणासही सांगावे लागत नाही. सौम्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेवढा सोपा नाही, आणि श्रोतेहो, आजचे बोलणे त्याविषयीच आहे.

चहात दूध घालून तो सौम्य करता येतो, तसे चिरुटाचे नाही. त्यात बाहेरून काही घालावयाचे नसते. त्याचा सौम्यपणा झाडावरच ठरतो. तंबाखूच्या एकाच रोपाची पाने तीन स्वभावांची असतात. बुंध्याजवळच्या पानांना ऊन कमी मिळते. ती पातळ, फिकी, परंतु चटकन पेटणारी असतात. स्पॅनिश भाषेत त्यांना ‘वोलादो’ म्हणतात. मधल्या पानांना ‘सेको’ म्हणतात, आणि सुगंध मुख्यतः त्यांचा असतो. शेंड्याकडची ‘लिहेरो’ पाने उन्हात तापून जाड व तेलकट होतात; ती सावकाश जळतात आणि जोर त्यांच्यात असतो. गंमत अशी की ‘लिहेरो’ या शब्दाचा अर्थ हलका असा आहे! कारागीर ही तिन्ही पाने ठराविक प्रमाणात एकत्र करतो, लिहेरो मध्यभागी ठेवतो, त्यांवर बांधणीचे पान लपेटतो आणि शेवटी वरचे देखणे पान चढवितो. हे देखणे पान पांढऱ्या विरळ कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढविलेले असते. लिहेरोचा वाटा कमी ठेवला की चिरूट सौम्य होतो. पानांच्या ढिगांना ऊब आणून ती मुरविली जातात, तेव्हा त्यांतील अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. ही मुरवण घाईने उरकली, तर सौम्य पानेही घशाला बोचतात.

हे सारे काम हातांचे आहे. हवानाच्या कारखान्यांत वळणाऱ्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा 1865 साली सुरू झाली, आणि वाचकाचे वेतन कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. आपल्या केरळात, कण्णूरकडील बीडी कामगारांतही अशीच वाचनाची प्रथा होती. पुढे दोन्हीकडे रेडिओ आला. आकाशवाणीवरून बोलताना या वडीलधाऱ्या नात्याचा उल्लेख टाळणे मला जमले नाही.

रायपूरसारख्या गावी हवाना चिरुटाची परीक्षा करावयाची, तर पहिला अडथळा हवेचा. चिरुटाला साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो, हवा कोरडीठाक होते, आणि उघडा ठेवलेला चिरूट थोड्याच दिवसांत पापडासारखा तडकतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. बुरशी धरते, आणि तंबाखूतील बारीक किडा पान पोखरून टाचणीएवढी भोके पाडतो. म्हणून स्नेह्याने हवानाहून आणलेला ‘ओयो दे मोंतेर्रेइ’ या जुन्या नावाचा चिरूट समता कॉलोनीतील आमच्या गच्चीवर पेटविला तो हिवाळ्यात, सकाळच्या न्याहारीनंतर. उपाशी पोटी तंबाखूची चव पाहू नये; तो सौम्य असला तरीही.

हे नाव 1865 सालचे, होसे हेनेर याने पश्चिम क्यूबातील आपल्या मळ्यावरून दिलेले. सौम्य म्हणून ज्यांची ख्याती आहे, त्यांत ते अग्रभागी आहे. हाती आलेला नग सुमारे बारा सेंटीमीटर लांब, अंगठ्याएवढा जाड. बोटांनी हलके दाबता तो किंचित लवला आणि पुन्हा पूर्ववत झाला. कोठे गाठ नाही, पोकळी नाही. न पेटविता ओढून पाहिला, तेव्हा वाळलेल्या गवताचा आणि नव्या लाकडी पेटीचा वास आला. काडीतील गंधक जळून जाईपर्यंत थांबून ज्योत टोकाखाली धरली, कारण पहिल्याच झुरक्यात गंधक आला की पुढची सगळी साक्ष खोटी ठरते. धूर गिळावयाचा नसतो. तोंडात खेळवून सोडावयाचा. दर मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली की चिरूट तापतो आणि सौम्य पानही कडू होते.

पहिल्या तृतीयांशात चव जवळजवळ दुधाळ होती. मागून भाजलेल्या बदामाची आठवण. मधल्या भागात ती अंमळ गोडसर, लाकडाच्या सुगंधाची झाली. राख करडी, घट्ट, दोन बोटे लांब होईतो न गळणारी. ही भरण नीट झाल्याची खूण. अखेरच्या भागात मिऱ्याची धार आली आणि जीभ जराशी तुरटली. एकूण पाऊण तास. उणे असे की मध्येच जळण एका बाजूने तिरके झाले आणि ते सावरावे लागले. एवढ्या किमतीच्या वस्तूत हे होऊ नये.

आता थोडे आपल्या बीडीविषयी. ज्या छत्तीसगडात बसून मी हे सांगतो आहे, त्याच्या जंगलांतून उन्हाळ्यात तेंदूचे पान तोडले जाते. विदर्भात त्या झाडाला आपण टेंभुर्णी म्हणतो. पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा मानक बोरा हे येथील माप. निपाणीकडची तंबाखू अशा पानात शिरते आणि बीडी होते. 1966 च्या कायद्याने बीडी व सिगार यांच्या कामगारांना एकाच नावाखाली आणले होते, ते योग्यच होते. दोन्हीकडे पान भिजवून हातानेच वळतात. पण बीडी ओढणारा ती कडक आहे की फिकी एवढेच सांगतो. तिच्यावर बदामाची नि लाकडाची उपमा कोणी खर्च करीत नाही. हा चवीचा दोष नसून फुरसतीचा आहे, असे माझे मत आहे.

परंतु उपमांनी एक गोष्ट झाकली जाते. सिगारेटचा धूर बहुधा आम्लधर्मी असतो; चिरुटाचा अल्कधर्मी. अल्कधर्मी धुरातील निकोटिन तोंडातील त्वचेतूनच रक्तात उतरते. तो गिळावा लागत नाही. मोठ्या चिरुटात तंबाखू पाच ते वीस ग्रॅम असते, म्हणजे कधी कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी. बीडीत ग्रॅमच्या चतुर्थांशाहून क्वचितच अधिक. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 साली चिरुटावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि धूर न गिळणाऱ्यांनाही मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका असतो, हे त्यात मांडले. तेव्हा सौम्य ही जिभेची साक्ष झाली, रक्ताची नव्हे. माझ्या परीक्षणात मी दोन स्वतंत्र रकाने ठेवले. चवीच्या रकान्यात ‘सौम्य, सुरेख’ असे लिहिले. दुसऱ्यात लिहिले, ‘पाऊण तासाने डोके हलके, नाडी जलद.’

युरोपीय संघाने 2001 साली काढलेल्या निर्देशानुसार, तंबाखूचा माल कमी अपायकारक भासविणारे शब्द 30 सप्टेंबर 2003 पासून त्याच्या वेष्टनांवर छापण्यास मनाई झाली. ‘सौम्य’ हा त्यांपैकीच एक. शोकिनांच्या आणि दुकानदारांच्या तोंडी मात्र तो अजून आहे.