एका जागेचा मुख्यमंत्री

१८ सप्टेंबर २००६ रोजी रांचीत मधू कोडा यांनी झारखंडच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते आणि पाठीशी कुठलाही पक्ष नव्हता. ८१ जणांच्या विधानसभेत त्यांच्या हक्काची जागा एकच, ती म्हणजे स्वतःची. झारखंड मुक्ती मोर्चाचे १७, काँग्रेसचे ९ आणि राष्ट्रीय जनता दलाचे ७ आमदार २००५ मध्ये निवडून आले होते. या तिन्ही पक्षांनी मिळून मुख्यमंत्री केले ते मात्र एका अपक्षाला.

अपक्ष मुख्यमंत्री देशाने याआधीही पाहिले होते. ओडिशात १९७१ साली विश्वनाथ दास आणि मेघालयात २००१ च्या अखेरीस फ्लिंडर खोंगलाम. पण दास हे १९३७ मध्येच प्रांताचे पंतप्रधान झालेले आणि पुढे उत्तर प्रदेशाचे राज्यपालपद भूषवलेले बुजुर्ग होते. आघाडीला सांभाळून घेणारा वडीलधारा माणूस हवा होता म्हणून त्यांना बोलावले गेले. कोडांच्या बाबतीत वडीलकीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापाशी होते ते फक्त गणित.

पश्चिम सिंहभूम हा हो आदिवासींचा मुलूख. चाईबासा हे जिल्ह्याचे गाव, बाजूला सारंडाचे सालवन आणि त्याच्या पोटात लोहखनिज. नोआमुंडीची टाटांची खाण शंभर वर्षांची आहे. गुवा, किरीबुरू ही नावे पोलाद कारखान्यांच्या हिशोबात ठाऊक असतात. स्थानिकांना गुवा आठवते ते १९८० च्या सप्टेंबरमध्ये आंदोलक आदिवासींवर झालेल्या गोळीबारामुळे. याच पट्ट्यातल्या पाताहातू गावचे कोडा. तरुणपणी खाणीत मजुरी, मग मजुरांची संघटना, वेगळ्या झारखंडच्या चळवळीत ‘आजसू’ या विद्यार्थी संघटनेचा झेंडा, पुढे संघ-भाजपशी जवळीक. २००० साली भाजपच्या तिकिटावर जगन्नाथपूरमधून ते बिहार विधानसभेत गेले आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला झारखंड वेगळे झाल्यावर आपोआप नव्या राज्याचे आमदार झाले. बाबूलाल मरांडींच्या सरकारात राज्यमंत्रीही झाले. २००५ मध्ये भाजपने तिकीट कापले. कोडा अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही जिल्ह्यातल्या बंडखोराची आहे. ती वेगळी झाली निकालाच्या आकड्यांमुळे. भाजपला ३० आणि संयुक्त जनता दलाला ६ जागा मिळाल्या, म्हणजे आघाडी ३६ वर अडकली. बहुमताला हवे होते ४१. राज्यपाल सय्यद सिब्ते रझी यांनी तरीही झारखंड मुक्ती मोर्चाचे शिबू सोरेन यांना शपथ दिली. मग भाजपने पाच जणांना जवळ केले. दोघे ‘आजसू’चे, एक झारखंड पार्टीचे एनोस एक्का आणि दोन अपक्ष, हरिनारायण राय व मधू कोडा. ४१ आमदार दिल्लीला नेऊन राष्ट्रपती कलामांपुढे उभे केले गेले, काही दिवस त्यांचा मुक्काम जयपूरला होता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची चाचणी ११ मार्चला घ्यायला सांगितले, सोरेन पायउतार झाले आणि भाजपचे अर्जुन मुंडा मुख्यमंत्री. ते पाचही जण मंत्री झाले. कोडांच्या वाट्याला खाण खाते आले. ज्या भागात त्यांनी घमेली उचलली, त्याच भागातल्या जमिनीखालच्या संपत्तीची फाईल आता त्यांच्या टेबलावर होती.

अपक्षाचे वजन इतके कसे वाढते, हे समजून घ्यायला पक्षांतरबंदी कायद्याकडे वळावे लागते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची आली. अपक्ष निवडून आलेल्याने नंतर कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर त्याची आमदारकी जाते, असे तीत स्पष्ट लिहिले आहे. वाचताना नियम कडक वाटतो. व्यवहारात मात्र अपक्षाला पक्षादेश लागू होत नाही, कारण आदेश काढणारा पक्षच नसतो. आज एका सरकारला पाठिंबा द्यावा, त्यात मंत्री व्हावे, वर्षभराने तो काढून दुसऱ्या सरकारात बसावे. सदस्यत्वाला धक्का नाही. पक्षाच्या आमदाराने हेच केले तर घरी जावे लागते. म्हणजे कायद्याने घाऊक बाजार बराचसा आवरला आणि किरकोळ विक्रेत्याचा भाव वाढवून ठेवला. त्यात २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपुरते मर्यादित केले. झारखंडात ते मुख्यमंत्र्यासह बारा जणांचे. पाच पदे पाच सुट्या आमदारांना दिली की मोठ्या पक्षाच्या तीस आमदारांत उरलेल्या पदांवरून धुसफूस सुरू होणारच.

सप्टेंबर २००६ मध्ये कोडा, एक्का, राय आणि राष्ट्रवादीचे कमलेश सिंह यांनी मुंडा सरकारचा पाठिंबा काढला. १४ तारखेला मुंडांनी राजीनामा दिला आणि चार दिवसांत कोडा मुख्यमंत्री झाले. सोरेन यांना काँग्रेसचा मुख्यमंत्री नको होता, काँग्रेसला सोरेन यांचा. लालूप्रसादांचा राजद दोघांच्या मध्ये. अशा वेळी ज्याच्यापासून कुणालाच पुढे धोका नाही असा माणूस सर्वांना चालतो. कोडांना पक्ष नसणे हीच त्यांची पात्रता ठरली, असे माझे मत आहे. उपमुख्यमंत्री दोन होते आणि त्यांतले स्टीफन मरांडी हेही अपक्षच. काँग्रेसने मंत्रिपदे न घेता बाहेरून पाठिंबा दिला. श्रेय मिळाले तर वाटून घ्यायचे, अपश्रेय आले तर हात वर करायचे, यासाठी याहून सोयीची जागा नाही.

सरकार २३ महिने टिकले. खाण खाते कोडांनी स्वतःकडेच ठेवले होते. सरकार पडले ते मात्र खाणींवरून किंवा कारभारावरून नव्हे. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकार विश्वासमताला सामोरे गेले, तेव्हा झारखंड मुक्ती मोर्चाच्या पाच खासदारांची मते सरकारला मिळाली. त्या बदल्यात महिनाभरात सोरेन यांना रांचीची खुर्ची हवी झाली. १७ ऑगस्टला मोर्चाने पाठिंबा काढला आणि २३ तारखेला कोडांनी राजीनामा दिला. ज्या गणिताने वर नेले त्यानेच खाली आणले, आणि हे गणित मांडले गेले ते दिल्लीत. पुढे सोरेन स्वतः तमाडची पोटनिवडणूक हरले आणि जानेवारी २००९ मध्ये राष्ट्रपती राजवट आली, हा त्याचा उपसंहार.

लोकांनी मात्र कोडांना टाकले नव्हते. २००९ ची लोकसभा त्यांनी सिंहभूममधून अपक्ष म्हणूनच लढवली आणि जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले, हजारो कोटींच्या मनी लाँडरिंगचे आरोप झाले आणि ३० नोव्हेंबरला त्यांना अटक झाली. विधानसभेची निवडणूक तेव्हा ऐन रंगात होती. पत्नी गीता कोडा जगन्नाथपूरमधून जिंकल्या.

न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा आरोपांच्या आकड्यांपेक्षा खूप लहान आहे. तो एका कोळसा खाणपट्ट्याचा, राजहरा नॉर्थचा. कोलकात्याच्या विनी आयर्न अँड स्टील उद्योग या कंपनीला तो मिळावा म्हणून कट केल्याबद्दल दिल्लीच्या विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कोडांना तीन वर्षे कैद आणि २५ लाख रुपये दंड ठोठावला. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता आणि राज्याचे माजी मुख्य सचिव अशोककुमार बसू हेही दोषी ठरले. कोळसा खाणपट्टे वाटपाच्या छाननी समितीने शिफारस केली ती जुलै २००८ मध्ये, सरकार पडायच्या दीड महिना आधी. या निकालाविरुद्ध कोडांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. जुने सहकारी हरिनारायण राय यांना २०१७ मध्येच मनी लाँडरिंग कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली होती. या कायद्याखाली देशात दोषी ठरलेले ते पहिलेच.

महाराष्ट्राला अपक्षांचे राज्य नवे नाही. १९९५ मध्ये इथे तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ होत होते. १४५ चा टप्पा अपक्षांशिवाय गाठता येणार नव्हता. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, काटोलचे अनिल देशमुख असे काही जण मनोहर जोशींच्या मंत्रिमंडळात गेले. पण यांतले बरेचसे काँग्रेसच्या घरातले रुसलेले होते. त्यांच्यामागे साखर कारखाना, बँक, दूध संघ यांची बैठक होती आणि यथावकाश ते काँग्रेस किंवा राष्ट्रवादीत गेलेही. शिवाय पंचेचाळीस जणांत एकट्याची किंमत मर्यादित राहते. झारखंडात तीनच अपक्ष होते आणि छोट्या पक्षांचे मूठभर आमदार. तिथे एकेक जण सरकारइतका मोठा झाला. कोडांच्या मागे परतायला घर नव्हते. त्यांनी मग जय भारत समानता पार्टी हा घरचाच पक्ष चालवला.

२०१४ ला कोडा मझगावमधून हरले. निवडणूक खर्चाचा हिशोब नीट न दिल्याबद्दल २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले आणि दोनच महिन्यांनी कोळसा प्रकरणाचा निकाल लागला. राजकारण मग गीता कोडांच्या नावावर चालले. २०१९ ला त्या काँग्रेसच्या खासदार झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेल्या. लोकसभेला झारखंड मुक्ती मोर्चाच्या जोबा माझींनी त्यांना हरवले. विधानसभेपूर्वी कोडांनी स्वतः उभे राहण्यासाठी दोषसिद्धीला स्थगिती मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. जगन्नाथपूरमध्ये भाजपकडून गीता कोडाच लढल्या आणि काँग्रेसचे सोनाराम सिंकू दुसऱ्यांदा निवडून आले.