एक्स्टेंशन आणि वेबपान: निरोप जातो कसा?

क्रोमचे एक्स्टेंशन पानात स्वतःची ‘कंटेंट स्क्रिप्ट’ चालवते. पानावरचा मजकूर, बटणे, रकाने तिला दिसतात, बदलताही येतात. पण पानाच्या स्क्रिप्टमधले व्हेरिएबल तिच्या हाती लागत नाहीत. म्हणून निरोपांची सोय लागते.

● पानाकडून कंटेंट स्क्रिप्टकडे: पान ‘विंडो.पोस्टमेसेज’ने निरोप सोडते. कंटेंट स्क्रिप्ट ‘मेसेज’ या इव्हेंटवर कान ठेवून असते.

● तिथून सर्व्हिस वर्करकडे (एक्स्टेंशनची पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट): एकेका निरोपाला ‘रनटाइम.सेंडमेसेज’ पुरते. संवाद चालू ठेवायचा तर ‘रनटाइम.कनेक्ट’ने पोर्ट उघडतात. ३० सेकंद काम नसले की वर्कर थांबतो. निरोप आला की पुन्हा सुरू होतो.

● थेट वाट: एक्स्टेंशनच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ‘एक्स्टर्नली कनेक्टेबल’खाली नोंदवलेल्या संकेतस्थळांची पाने वर्करशी थेट बोलू शकतात.

● काय पाठवता येते: मजकूर, आकडे, याद्या. फंक्शन पाठवता येत नाही.

● काळजी घ्या: पानावरची कुठलीही स्क्रिप्ट, अगदी जाहिरातीचीसुद्धा, हुबेहूब तसाच निरोप पाठवू शकते. ‘इव्हेंट.सोर्स’ आणि ‘इव्हेंट.ओरिजिन’ तपासाच, तरीही आलेला प्रत्येक निरोप परका समजा. वापरणाऱ्याचा पासवर्ड किंवा टोकन पानाकडे कधीही पाठवू नका.